कोनाड्यातली डबी

बाळीवेस, सोलापूर
१५ जानेवारी १९७१

चि. सिद्धाराम,

अक्षर बघून पत्र कुणाचं ते कळलं असेल. शेजारची चंद्रव्वा म्हणाली, मी लिहून देते. मी म्हटलं, मला नातवानं शिकवलंय, माझं मी लिहीन. माझी शाळा दुसरीत सुटली होती. तू पाचवीत असताना मला पुन्हा पाटीवर बसवलंस. मी 'हाय' लिहिलं की लाल पेन्सिलीनं खोडून 'आहे' करायचास. म्हणून तुला लिहिताना 'आहे' लिहिते. बोलताना मी आहे तीच हाय.

सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा भरला आहे. काल नंदीध्वज गेले, मी वेशीपर्यंत जाऊन आले. तुझं नाव दोघांनी काढलं. मी म्हटलं, मुंबईला सुखात आहे. खरं-खोटं तुला ठाऊक.

आता कामाचं. तू गळ्यातनं काढून ठेवलेलं इष्टलिंग अजून कोनाड्यातच आहे, त्याच चांदीच्या डबीत. पावणेतीन वर्षं होत आली. रोज माझी पूजा झाली की तुझ्यालाही पाणी घालते, विभूती लावते, मग भाकरी खाते. परवा मठातले स्वामी रागावले. म्हणाले, "गुरम्मा, ज्याचं लिंग त्यानंच पुजायचं. तुमी काय त्याच्या वाटचं जेवताय का?" मी म्हटलं, "जेवायचं तो तिकडं जेवतोयच की. पूजा तेवढी हितं राहिलीय." त्यांना हसू आलं, पण त्यांचं काही चुकलं नव्हतं.

तर येऊन घेऊन जा. पोस्टानं पाठव म्हणशील तर जमायचं नाही. आणि विसरला असशील म्हणून लिहिते, आपल्यात माणसाला जाळत नाहीत. त्याचं लिंग हातात देऊन बसवून पुरतात. तिकडं तुला काही झालं तर हातात काय देणार, फूटपट्टी?

तू गेलास त्या दिवसाचं लिहायचं नव्हतं, पण ते सोडून पुढं सरकता येईना. तुझा बाप, माझा चनबसप्पा, मिलच्या मागखात्यात यंत्राच्या पट्ट्यात सापडून गेला. पाचव्या दिवशी चौकशीचा कागद झाला. तू त्याच मिलमध्ये इंजिनियर. तू लिहिलंस की पट्ट्यावरची जाळी मयतानं स्वतः काढली होती. सगळं मागखातं सांगत होतं की जाळी महिनाभर नव्हतीच, मिलनं लावलीच नव्हती. मी तुला म्हटलं, "गळ्यात लिंग घालून खोटं लिहिलंस." तू दोरा डोक्यावरनं काढलास, डबी कोनाड्यात ठेवलीस आणि बॅग उचललीस. त्याच महिन्यात मुंबईच्या ऑफिसनं तुला वर घेतलं.

बोलले ते बोलले. मी शब्द परत घेत नाही. तू डबी परत घे.

शेंगाची चटणी कुटली आहे. आलास तर तुला पुरेल, नाही आलास तर मला जास्त होईल.

गुरम्मा


३ ऑक्टोबर १९७२

सिद्धाराम,

दीड वर्षानं तुझं उत्तर आलं. टायपाचं. सही तेवढी शाईची. 'प्रकृतीस जपावे' हे टायपात वाचलं की म्युनिसिपालटीची नोटीस आल्यासारखं वाटतं. डबीचं एक अक्षर नाही. त्याऐवजी पंखा पाठवलास. चांगला आहे, मान हलवतो. घरात एवढा एकच आहे जो माझ्याकडं बघून मान हलवतो, तीही नाही म्हणायला.

तू वर्क्स मॅनेजर झालास असं कागदाच्या माथ्यावर छापलंय. त्याचा अर्थ मी रुद्रप्पाला विचारला. रुद्रप्पा म्हणजे तुझ्या बापाच्या शेजारच्या रांगेतले माग सांभाळणारा जॉबर, आठवत असेल, कानात भिकबाळी घालायचा. तो म्हणाला, "अज्जी, इंजिनियर यंत्राला हात लावतो. मॅनेजर हात लावणाऱ्याला बोलावतो."

"आणि त्याच्या वरचा?"

"तो बोलावणाऱ्याला बोलावतो की."

म्हणजे वर चढायचं म्हणजे यंत्रापासनं लांब जायचं. तू सात वर्षांचा होतास तेव्हा मी डबा घेऊन निघाले की माझ्याबरोबर मिलच्या भिंतीपर्यंत यायचास. भिंतीला कान लावून म्हणायचास, अज्जी, एका मागाचा धोटा अडखळतोय. संध्याकाळी बाप घरी आला की विचारायचास. तो म्हणायचा, व्हय रे, तिसऱ्या रांगेत. आता तुझ्या खोलीला भिंती जाड असतील.

पाऊस नाही. गल्लीत पाण्याचा टँकर येतो. चंद्रव्वा माझा हंडा लावून ठेवते आणि भांडण मी करते, असं आम्ही वाटून घेतलंय.

रुद्रप्पा आता रिटायर झाला. निरोप घ्यायला आला होता. जाताना उंबऱ्यावर उभं राहून काहीबाही बोलला. ते इथं लिहीत नाही. त्या दिवसापासनं मला भाकरी गोड लागेना, पण यंदा रेशनला अमेरिकेची लाल ज्वारी आहे, तिच्यावर ढकलता येतं.

डबी आहे तिथंच आहे. ये.

गुरम्मा


२६ फेब्रुवारी १९७४

मुंबईच्या ऑफिसातल्या सेक्रेटरी बाईंस,

तुमचं पत्र पावलं. 'आपले पत्र व खाद्यपदार्थ मिळाले, साहेब दौऱ्यावर आहेत' असं तुम्ही लिहिलंत. ते खाद्यपदार्थ नव्हेत, कडक भाकरी आहेत. महिनाभर टिकतात. दौरा त्याहून लांबला तर तुम्ही खा, फोडून दुधात घालायच्या, नाहीतर तुमचे दात जातील आणि मला पत्र येईल.

तुमच्या साहेबाला मी पाळण्यात घालून जोजवलाय. त्याची आई बाळंतपणातच गेली. तो दौऱ्यावर आहे की टेबलापलीकडं बसून तुम्हाला हे लिहायला सांगतोय ते मला अक्षरावरनं कळलं असतं. टायपावरनं कळत नाही. म्हणून विचारते, तो जेवतो वेळेवर? त्याच्या बायकोचं, हेमावतीचं, एक पत्र आलं होतं लग्नानंतर, फोटोसकट. फोटोत तो पोट आत घेऊन उभा आहे असं वाटलं.

त्याला एवढंच सांगा, डबी. तो समजेल. तुम्ही समजून घेऊ नका.

गुरम्मा मणुरे


९ डिसेंबर १९७५

सिद्धाराम,

तू येऊन गेलास.

मंगळवारी मी त्या बाजूला भाजीला गेले होते. मिलच्या गेटला नवा चुना मारलेला, कुंड्या मांडलेल्या. मुंबईचे साहेब तपासणीला येणार म्हणून. वॉचमननं विचारलं, "अज्जी, कुणाकडं?"

"साहेबाकडं."

"कुठल्या?"

"तुमच्यातल्या सगळ्यात मोठ्या."

"त्याची माझीसुदीक भेट व्हत न्हाय, अज्जी. बाजूला सावलीत बसा."

बसले. साडेअकराला पांढरी गाडी आली. काचा वर. तू मांडीवरच्या कागदात बघत होतास. केस पुढनं गेलेत तुझे, आजोबांसारखे. गाडी आत गेली, गेट लागलं, मी घरी आले. मिलच्या बाजूला भाजीबाजार नाही हे तुला ठाऊक आहे. मी नेसलेली इरकल पण भाजीला नेसायची नव्हती. असो, लिहून गेले.

चार वाजता ड्रायव्हर आला, फळांची करंडी घेऊन. इथलाच माणूस होता, विजापूर वेशीतला. म्हणाला, "अम्मा, साब की डिब्बी देव बोले." बरोबर तुझी चिठ्ठी, एका ओळीची: माझी डबी ड्रायव्हरजवळ द्यावी.

चिठ्ठी वाचून मला आधी बरं वाटलं, ते लपवत नाही. सात वर्षांनी 'माझी' म्हणालास. मग राग आला. मी त्याला म्हटलं, "तुमच्या साहेबाला दोन हात आहेत का?" तो म्हणाला, "हौ अम्मा." "मग त्यातला एक घेऊन त्याला ये म्हणावं. स्टेशनपासनं दहा मिनिटं लागतात." त्याला चहा दिला, भाकरी-चटणी बांधून दिली. माणूस बरा होता. अर्धा तास बसला, माझ्या पंख्याचा आवाज येतो म्हणून त्यात तेल घालून दिलं. तुझ्या घरचं यंत्र तुझ्या ड्रायव्हरनं दुरुस्त केलं.

तू मागितलंस आणि मी दिलं नाही, आता दोष माझाही झाला. पण रुद्रप्पा तेव्हा काय बोलला ते तुला सांगायचं होतं. ते ड्रायव्हरजवळ देता येत नाही. पत्रात लिहिता येईल, पण दोनदा बसले आणि शाई वाळली.

केळी चांगली होती. सफरचंदं गल्लीत वाटली.

गुरम्मा


३० जुलै १९७७

सिद्धाराम,

ओळी वाकड्या दिसतील. चंद्रव्वानं कागदावर पेन्सिलीनं रेघा मारून दिल्यात, पण मला रेघाच दिसत नाहीत. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, उजव्यातही आलाय. सरकारी दवाखान्यात नंबर लावलाय. काळजीचं पत्र पाठवू नको, टायपाचं तर नकोच.

एक घोटाळा झाला आहे, तो तुला कळवणं भाग आहे.

रोज मी दोन्ही लिंगं पूजेला घेते. आधी माझं गळ्यातनं काढते, मग तुझं कोनाड्यातनं. गेल्या सोमवारी दोन्ही डब्या उघड्या होत्या, दोन्ही लिंगं पाण्याच्या वाटीशेजारी. बाहेर मांजरानं दूध सांडलं. मी उठले, मांजराला दोन शब्द ऐकवले, परत येऊन बसले. आणि कळेना की कुठलं तुझं आणि कुठलं माझं.

डोळ्याला धरलं, उजेडात नेलं, बोट फिरवलं. तुझ्याला एक टवका होता, लहानपणी जात्यावर आपटला होतास तेव्हाचा. पण मागं स्वामींनी दोन्हींना काळ्या लेपाची नवी कांती चढवून दिली, त्यात टवका बुजला. चंद्रव्वाला बोलावलं. ती म्हणाली, "अज्जी, दोन्ही सारखीच हायत की." मी म्हटलं, "दोन माणसं सारखी न्हायत, लिंगं कशी सारखी असतील?" पण तिला दिसेना आणि मलाही.

स्वामींना सांगायची छाती झाली नाही. सत्तर वर्षं गळ्यात असलेली वस्तू मी ओळखली नाही. मेल्यावर माझ्या हातात तुझं दिलं तर तुझ्या हातात काय? आता दोन्ही गळ्यात घालते. त्यातलं एक तरी माझं असणार. मान दुखते, पण चूक व्हायची भीती नाही. कोनाडा पहिल्यांदाच रिकामा आहे. तिथं सवयीनं हात जातो.

तू इंजिनियर. केसाएवढा फरक मोजायची यंत्रं तुमच्याकडं असतात. येऊन मोज.

मागच्या पत्राला उत्तर आलं नाही. त्याच्या मागच्यालाही. टपालपेटी लांब आहे, चंद्रव्वा जाते. परवा तिनं विचारलं, "अज्जी, तो वाचत असंल का?" मी म्हटलं, "तू टाक."

गुरम्मा


१८ फेब्रुवारी १९७९

सिद्धू,

आज आहे-बिहे लिहिणार न्हाय. लाल पेन्सिल घ्यायची तर घे.

तुझं पत्र आलं. हातानं लिहिलेलं, अकरा वर्षांत पहिलं. चंद्रव्वा वाचायला लागली, मी काढून घेतलं. डोळ्याचं आपरेशन झालंय, भिंग जाड हाय, त्यातनं तुझं अक्षर बोटाएवढं दिसतं. 'अज्जी'तला ज तू अजून पाटीवरच्यासारखाच काढतोस, पोट फुगवून.

तू जनरल मॅनेजर झालास ते पेपरात बघितलं हुतं, फोटो आला हुता. तुझ्या कारखान्यात एक माणूस पट्ट्यात सापडून गेला ते मात्र पेपरात न्हवतं, तुझ्या पत्रातनं कळलं. तुझ्या हाताखालच्या इंजिनियरनं कागद केलाय, जाळी त्या माणसानं स्वतः काढली म्हनून. तू स्वतः खाली जाऊन बघितलंस, खरंच हाय. आणि तरी चार दिवस झाले, तुझी सही व्हत न्हाय. शेवटी एक ओळ इचारलीस, 'अज्जी, मी तेव्हा खोटं लिहिलं असं तू अजून धरून आहेस का?'

न्हाय. तू खरं लिहिलंस. मला सहा वर्षांपासनं ठाऊक हाय.

रुद्रप्पा उंबऱ्यावर बोलला ते हे. म्हनाला, "अज्जी, जाळी चनबसप्पानंच काढली. माझ्यासमोर. आमी सगळ्यांनी दुसरं सांगितलं, मेलेल्या माणसावर दोष नको म्हनून. तुमच्या सिद्धारामनं एकट्यानं खरं लिवलं." मी म्हनलं, "चनबसप्पा एवढा मुरलेला जॉबर. त्यानं इंजीन का थांबवलं न्हाय?" तर रुद्रप्पा चप्पल शोधत बसला, पायातच हुती. मग म्हनाला, "ते तुमाला ठाऊक हाय."

हुतंच ठाऊक.

त्या दिवशी मी डबा घेऊन गेटवर गेले. चार वाजता मंगळवेढ्याची माणसं येनार हुती, तुला बघायला, तुझ्या सोयरिकीची. मी चनबसप्पाला म्हनलं, आज लवकर सुटून ये. तो म्हनाला, "अव्वा, पट्टा उतरलाय. इंजीन थांबवून चढवायचा तर उशीर व्हतोय. तुमी बसवा त्यांना, मी येतो." आणि मी म्हनलं, "तुझा बाप चालत्या इंजिनावर पट्टा चढवायचा. तुला थांबवायला लागतंय व्हय?"

तो हसला. आत जाऊन रुद्रप्पाला म्हनाला, अव्वानं आज बाबांचं नाव काढलंय, आणि जाळी काढली. संध्याकाळी मिलमधनं डबा परत आला. उघडलेला न्हवता.

मंगळवेढ्याची माणसं आली आणि दारातली गर्दी बघून परत गेली.

पाच दिवसांनी तू कागद केलास. त्यात जाळी कुणी काढली ते हुतं. ते खरं ठरलं असतं तर का काढली ते कुणीतरी इचारलं असतं. ते इचारू नये म्हनून मी तुझ्या गळ्यातलं लिंग मधे आणलं. त्या महिन्यात दोनदा माझी जीभ चालली, एकदा गेटवर, एकदा घरात. पहिल्या वेळी मुलगा गेला, दुसऱ्या वेळी तू.

तुला हे बहात्तर सालीच लिहायचं हुतं. लाल ज्वारीचं लिहिलं.

आता तुझ्या कागदाचं. मला तुमचे कागद कळत न्हायत, पण एवढं कळतं. जाळीचं खरं हाय तर ते खोडू नको. पण तुझ्या तेव्हाच्या कागदात जाळी कुणी काढली एवढंच हुतं, घाई कुणी लावली ते न्हवतं. ते नाव माझं हुतं. ह्या माणसाला घाई कुणी लावली ते इचार. घरातनं लागली असंल, न्हायतर वरनं लागली असंल, आज एवढा माल निघालाच पायजे म्हनून. मधल्या साहेबांना इचारू नको, त्याच्या शेजारच्या रांगेतल्याला इचार. तो चप्पल शोधायला लागला तर थांब. मग ते नाव खाली लिही. तुझंच निघालं तर तुझं लिही, आणि सही कर. मी सहा वर्षं लावली. तू तेवढी लावू नको, त्याच्याही घरात कुणीतरी कुणाला तरी खोटं म्हनत बसलं असंल.

माझं वय किती ते कुणालाच नीट ठाऊक न्हाय, पण मोजायचं फार राहिलं नसंल. स्वामींना लिंगांचा घोटाळा सांगून टाकला. मला वाटलं रागावतील. ते म्हनाले, "नातवाला बोलवा." मी म्हनलं, "आठ वर्षं तेच करतीय की."

शब्द मागं घेतला. आता तू डबी घे.

गाडीनं आलास तर काच खाली करून ये, गल्ली वळतीय तितं मी बसलेली असंन. मोजायचं यंत्र आणू नको, त्यात काय उमगणार न्हाय. दोन्ही काढून तुझ्यासमोर ठेवते. आधी तू उचल. राहील ते माझं.

अज्जी